पांढरीपुलावर बदललेला फिल्टर

दादानं जीपची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली, तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सहासष्ट वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्याची जुनी पेट्रोल जीप पंचवीस वर्षांत त्यानं कुणाला चालवू दिली नाही, पोटच्या मुलालाही नाही. आणि त्या दिवशी पुण्यातून निघताना म्हणाला, "सुमे, हायवेला तू घे. खांदा दुखतोय माझा."

मी शाळेत गणित शिकवते. गाडी बरी चालवते, पण या जीपचं स्टिअरिंग वळवणं म्हणजे एकटीनं जातं ओढणं. शिक्रापूर, रांजणगावच्या कंटेनरांमधून वाट काढताना माझे तळवे घामेजले होते. तुम्ही जाणार असाल तर सहाच्या आत पुणं सोडा. आम्ही साडेसातला निघालो आणि नगरला पोचायलाच दुपार झाली. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, वाट विचारली की लोक अजून नगरच म्हणतात.

बेत दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी डोंगरगणजवळचा मांजरसुंबा गड, रात्री नगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घोडेगावचा जनावरांचा बाजार बघून परत.

गडाकडच्या कच्च्या वाटेवर दादानं स्टिअरिंग मागून घेतलं. खड्डे, सुटे दगड, एका बाजूला उतार. जीप इतकी कलली की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली माझ्या पायाशी आली.  दादानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. वरून खालची शेतं, हिरवीपिवळी, लांबवर पसरलेली दिसतात. वारा भन्नाट. पण उतरताना इंजिननं एकदोन गचके दिले आणि माझं लक्ष बघण्यातून उडालं.

"काय झालं रे?"

"काही नाही. टाकीत तळाचा गाळ ढवळला असेल."

रात्री लॉजवर मला धड झोप लागली नाही. दादाला बहुतेक लागली नसावी, पण आम्ही दोघं झोपल्यासारखे पडून राहिलो.

घोडेगावचा बाजार बघायचाच असेल तर सकाळी लवकर जा. बाजाराचा वार आधी विचारून घ्या. चपला नकोत, बूट घाला. म्हशीच म्हशी, शिंगांना तेल लावलेल्या, अंग चकाकणाऱ्या. एका म्हशीजवळ मी फोटोसाठी थांबले तर शेजारचा माणूस म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा. ही लाथ लई जोरात मारती."

"तुमची आहे का?"

"न्हाई. म्हनून तर खरं सांगतूय."

दादा इतका हसला की मला बरं वाटलं. गरम भजी खाऊन आम्ही अकराला परत निघालो.

पांढरीपूलचा फाटा सोडून इमामपूर घाट चढायला लागलो आणि जीपचा दम जायला लागला. पाय दाबावा तसं इंजिन उलट गळपटायचं. मी गिअर उतरवत गेले, चौथ्यावरून तिसरा, दुसरा, पहिला. मागे उसानं भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न थेट कानात. मग इंजिन बंदच पडलं. ब्रेक दगडासारखा झाला आणि जीप इंचभर मागे सरकली.

"हँडब्रेक!" दादा ओरडला. मी तो सगळ्या अंगानं ओढला. दादानं उतरून चाकामागे दगड लावला. ट्रकवाला शिव्या घालत बाजूनं गेला, त्याचा ऊस माझ्या खिडकीला घासत.

दहा मिनिटांनी जीप पुन्हा सुरू झाली. दुभाजकातल्या पुढच्या फटीतून वळण घेतलं आणि उतारावरून कशीबशी पांढरीपुलाला परत आलो. चहावाल्यानं ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंचं शेड दाखवलं.

रशीदभाईंनी वाकून खाली पाहिलं. "पेट्रोल फिल्टर चोक हाय. पर बसवलाय कुठं बघा की! टाकीच्या वर, चासीच्या आत. टाकी उतरवावी लागंल. नट समदे गंजल्यात, आज काय व्हायचं न्हाई. आन् नवा फिल्टर नगरवरनं आनावा लागंल."

"फिल्टर आहे," दादा म्हणाला.

त्यानं हत्यारांच्या पेटीतून पुठ्ठ्याचा डबा काढला. डब्याच्या कडा मळल्या होत्या.

"दादा, हा कधी आणलास?"

"दोन महिने झाले." तो माझ्याकडे बघत नव्हता. "टाकी काढावी लागत नाही. मागचं डावं चाक काढून वरून हात घालायचा. मी आधी चारदा बदललाय. यावेळी तीनदा खाली शिरलो, जमलं नाही."

रशीदभाईंनी चाक काढलं, जीप लोखंडी घोडीवर टेकवली, बॅटरीची वायर सोडली, चहावाल्याला विडी विझवायला लावली. मग हात घातला. मनगटापुढे जाईना, माणूस पैलवानी हाडाचा. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"ताई, तुमचा जाईल."

मी बांगड्या काढल्या. आत काहीच दिसत नव्हतं. दादा पोत्यावर आडवा होऊन खालून टॉर्चचा उजेड दाखवत होता आणि सांगत होता, "आधी पुढची क्लिप. स्क्रूचं तोंड तुझ्या बाजूला आहे." पण उजेड एका जागी थांबेना. चासीवर, टाकीवर, माझ्या बोटांवर, नुसता थरथरत होता.

"दादा, नीट धर ना."

 मी खाली वाकून पाहिलं. एका हातानं तो दुसऱ्याचं मनगट दाबून धरत होता, तरीही हात हलत होता.

रशीदभाई शेजारी आडवे झाले. "काका, मी धरतो. तुमी सांगा फक्त."

पाईप सुटला तसं पेट्रोल मनगटावरून काखेपर्यंत उतरलं. कातडी पेटल्यासारखी झाली. मी हात बाहेर ओढणार होते.

"सुमे, सोडू नकोस. पाईपच्या तोंडावर अंगठा ठेव. आता जुना काढ. नव्यावर बाण आहे, तो इंजिनाकडे."

"बाण दिसत नाहीये!"

"दिसणार नाही. आत घालायच्या आधी बोटानं चाचपून घे. उठाव लागेल."

लागला. दोन्ही पाईप बसवले, क्लिपा आवळल्या. बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं आणि रशीदभाई ओरडले, "बंद करा! बंद!" मागच्या क्लिपमधून थेंब पडत होते, सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर.  पुन्हा हात आत. आता मात्र दादा शांतपणे म्हणाला, "अर्धा आटा. अजून अर्धा. बस्स." त्यानंतर इंजिन पुन्हा सुरू करून पाच मिनिटं आम्ही तिघं कोरड्या जमिनीकडे बघत बसलो. ती कोरडीच राहिली.

रशीदभाईंनी फक्त चाक काढण्याची मजुरी घेतली. "काम ताईंनी केलं," म्हणाले.

घाटात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये चढताना मी प्रत्येक आवाजाला दचकत होते. जीप चढली. जेऊर आल्यावरच मी नीट श्वास घेतला. दादा खिडकीबाहेर बघत होता. सुप्याला थांबलो. तिथं चहा घेताना मी म्हणाले, "डॉक्टरांकडे जायचं. मी येणार बरोबर." त्यानं कप दोन्ही हातांत धरून मान हलवली.

जाण्यासारखं आहे का, असं विचाराल तर हो. गडासाठी अख्खा दिवस ठेवा, गाडी जुनी असेल तर निघायच्या आधी फिल्टर बदलून घ्या. माझ्या हाताचा पेट्रोलचा वास चार दिवस गेला नाही, वर्गात मुलं नाकं मुरडत होती.

पाचव्या दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी दादाला शर्टाचं बटण काढून लावायला सांगितलं. ते लागेपर्यंत मी भिंतीकडे बघत राहिले.

"किती दिवस होतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, तो म्हणेल दोनतीन महिने.

"दोन वर्षं," दादा म्हणाला.

त्या दोन वर्षांत दर रविवारी मी त्याच्याकडे जेवायला जात होते.