नंदकुमार सरांनी चार्ज दिला

नंदकुमार सर सोळा वर्षांपासून अतिथी शिक्षक आहेत. एवढी वर्षं कोणी पाहुणा राहत नाही, पण सरकारी कागदात नाव तेच. एप्रिलमध्ये सुटका, जुलैमध्ये पुन्हा नेमणूक. मध्येच एखादा कायम शिक्षक बदली होऊन आला, तर त्याच दिवशी जागा सोडायची. देडतलाईची शाळा अशीच सुटली, जसोंडीची सुटली, नेपानगरचीही सुटली. आता बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत ते बारावीला जीवशास्त्र शिकवतात.

प्रत्येक ठिकाणी जाताना रीत एकच होती. येणाऱ्याच्या हातात आदेशाचा लिफाफा असे. सर कोऱ्या कागदावर प्रयोगशाळेतल्या सामानाची यादी लिहीत, चावी देत, सही घेत. याला चार्ज देणं म्हणतात. त्यामुळे फाटकातून कोणी अनोळखी माणूस बॅग घेऊन आत आला की सरांचे तळवे ओले होत. पालक असो, विमावाला असो. दिवसातून चार-पाच वेळा.

अशा भीतीमागचं रसायन ते स्वतःच शिकवत. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं, रक्तातून मेंदूत जातं. तिथे हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात आठवणी घडतात. त्याच्या पेशींत कॉर्टिसॉलला ओळखणारे रेणू असतात. ते पुरे म्हणतात, आणि ग्रंथी थांबते.

"पण भीती रोजचीच झाली," सर फळ्याकडे पाहत म्हणाले, "तर हे रेणू कमी होत जातात. थांब म्हणणारं कोणी उरत नाही. पेशीला पोसणारं प्रथिन आटतं, तिच्या फांद्या आखडतात."

"फिर वापस उगती क्या सर?" पहिल्या बाकावरच्या गायत्रीने विचारलं.

"भीती गेली तर उगतात. बऱ्याचशा."

घरी त्यांची बायको वर्षा वेगळ्या शब्दांत तेच सांगे. "गॅस बंद केला का ते तिसऱ्यांदा पाहून आले तुम्ही. देडतलाईची पोरं बापाच्या नावासकट याद होती तुम्हाला. आता माझं नाव तरी सांगा."

"वर्षा."

"चला, पास झाले."

डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन पाहिला. त्यात काही नव्हतं. "टेन्शन लेना छोड़ दो, मास्टरजी."

"छोड़ दूँगा साहब. आप परमानेंट का आदेश निकलवा दो."

डॉक्टर हसले. सर हसले नाहीत. वर्गात आपण अडखळतो हे प्राचार्यांना कळलं, तर ही शाळाही जाईल, ही नवी भीती आता जुन्या भीतीत मिसळली होती.

सप्टेंबरात बदल्यांचे आदेश निघत होते. मधल्या सुट्टीत एक तरुण प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. खांद्यावर बॅग, हातात लांबट लिफाफा.

"नमस्कार सर."

सर उठले. "या. बसा. मी यादी करतो." त्यांनी कागद ओढला. सूक्ष्मदर्शक तीन, पैकी एकाची काच फुटलेली. सांगाडा एक, डावा हात नाही.

तरुणाला आधी थट्टा वाटली. "सर, मी प्रवीण. देडतलाईचा. लग्नाची पत्रिका द्यायला आलो. बारावीत माझी फी भरली होती ना तुम्ही?"

"हो, हो," सर न थांबता लिहीत राहिले. "आदेशाची एक प्रत ऑफिसात द्या. ही चावी. कुलूप जरा अडतं, वर उचलून फिरवा."

प्रवीणने लिफाफा उघडून पत्रिका त्यांच्यापुढे धरली. हळदीची बोटं, गणपतीचं चित्र. सरांनी ती यादीखाली सरकवली आणि पेन पुढे केलं. पेन थरथरत होतं. कपाळावरचा घाम कागदावर पडला होता. ते थरथरणं थांबावं म्हणून प्रवीणने सही केली.

सरांनी टेबलावरचा डबा पिशवीत घातला. तेवढ्यात प्राचार्या शोभा मॅडम दारात आल्या. पिशवी पाहिली, कागद पाहिला.

"नंदकुमारजी, कोई आदेश नहीं आया है. चार्ज किसको दे दिया आपने?"

सरांनी समोरच्या तरुणाकडे पाहिलं. मग खाली वाकून सहीतलं नाव वाचलं.

"यांना," ते म्हणाले. "प्रवीण म्हणून कोणी आहेत."