पहिल्या लॉरीचा नंबर एकशे तेरा

लष्कराच्या वाहतूक कंपनीत पेंटरकाकांनी चाळीस वर्षं गाड्यांवर नंबर रंगवले. निवृत्तीनंतरही बोलावणं आलं की ब्रश घेऊन हजर! या खेपेचं काम मोठं होतं: कंपनीची वंशावळ आणि मिळालेले सन्मान, लाकडी फळ्यावर, सोनेरी अक्षरांत.

साहेबांनी दिलेल्या कागदावर वंशावळ सुरू होत होती ती थेट लॉऱ्यांपासून. लॉऱ्यांच्या आधी कंपनी खेचरांवर चालायची, त्यांचा पत्ताच नाही. काकांचे वडील त्याच खेचरांबरोबर होते. बर्फातून दारूगोळा वर नेला, जखमी खाली आणले. घरी वडिलांचा साधा फोटोही नाही. ती ओळ गेली की बाप पुसला गेला, सरळ हिशेब.

"मुकाट्यानं रंगवा," बायको म्हणाली. "खेचरांपायी साहेबांशी भांडणार का आता?" मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "मामंजी झोपेतसुद्धा त्यांना हाका मारायचे, एवढं मात्र खरं."

काकांनी सगळा फळा रंगवला, वरच्या ओळीची जागा तेवढी कोरी ठेवली. दुपारी गॅरेज पेंगायला लागलं. टर्पेंटाइनचा वास, उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारी धूळ. काकांचा डोळा लागला की नाही कोण जाणे, पण उभ्या लॉऱ्यांमधून खेचरं चालत आली, खुरांचा आवाज न करता, गळ्यात नंबरांचे पितळी बिल्ले घालून. शेवटच्याचा दोर वडिलांच्या हातात. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा... खेचरं विरली, आणि समोर उरली दाराशी शोभेला ठेवलेली कंपनीची पहिली लॉरी. तिचा नंबर काकांनीच दर वर्षी उजळलेला.

काका ताडकन उठले.

"वर जागा का सोडलीत, काका?" साहेबांनी येताच विचारलं.

"साहेब, आपली पहिली लॉरी एकशे तेरा नंबरची कशी?"

"असेल काहीतरी."

"काहीतरी कसं? आपल्याकडे गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. मग आधीचे एकशे बारा कुणाचे?"

साहेब लॉरीपाशी गेले. त्यांनी आकड्यावरून बोट फिरवलं.

"खेचरांचे," ते म्हणाले. "लिहा काका. वरिष्ठांचं मी बघतो."

शिकलेल्यांचं हे असंच. माणूस सांगून पटत नाही, आकडा दाखवला की पटतो.

वडिलांचं नाव फळ्यावर येणार नव्हतंच, कुणाचंच येत नाही. काकांनी 'खेचर तुकडी' एवढंच लिहिलं, पण अक्षरं इतरांपेक्षा अंमळ रुंदच आली.

"रंगवलंत ना मुकाट्यानं?" घरी बायकोनं विचारलं.

"हो," काका म्हणाले. "आधी भांडलो, मग मुकाट्यानं."