दरडीखालचा धडा

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या विश्रामबागेतून आमच्या मदत गटाची गाडी निघाली तेव्हा मागे पत्र्यांचा खडखडाट चालला होता. पावसाळ्यात कोयनानगरच्या वरच्या अंगाला दरड कोसळून एक वस्ती गेली होती. त्यातून वाचलेल्या पारूबाईंना घर बांधून द्यायचं आणि शाळा सुटलेल्या त्यांच्या थोरल्या लेकीला, अर्चनाला, सांगलीच्या वसतिगृहात आणायचं, एवढं ठरलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मुलीची जबाबदारी माझ्याकडे.

आष्ट्यात चहा झाला. पाटणच्या पुढे घाटात शेवटच्या वळणावर चाक चिखलात रुतलं. पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही वर पोचलो. समोर हिरव्या डोंगराची एक बाजू वरपासून खालपर्यंत तांबडी, उघडी पडली होती. वस्तीचं नावनिशाण नव्हतं. तिकडून पाखराचाही आवाज येत नव्हता.

तात्पुरत्या खोपटात पारूबाईंनी नाचणीची भाकरी आणि माडगं (कुळथाची पातळ कढी) वाढलं. धाकटी राणी दरडीखाली गेली, सापडली नाही, इतकंच त्यांनी सांगितलं.

अर्चना दिवसभर आमच्याबरोबर विटा वाहायची. पण सकाळी धुकं दाटलं की कुठेतरी नाहीशी व्हायची. एकदा मी मागोमाग गेले. दरडीच्या काठावर बसून ती पहिलीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. राणीचं दप्तर शाळेतच राहिलं होतं, त्यातलं. एक ओळ वाचायची आणि थांबायची. पोरांनी मागून म्हणावं म्हणून वर्गात मी थांबते, अगदी तेवढंच. मग समाधानानं मान हलवून पुढची ओळ.

जवळ बसून मी सांगलीचा विषय काढला.

"राणीचं दोन धडं ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "ती आत एकटीच हाय, बाई. अर्ध्यात सोडून कशी येऊ?"

पोरीचं दुःख आहे, सावकाश ओसरेल, असं मी पारूबाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. आपण दरडीकडे कधी जातच नाही, एवढं म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

घर उभं राहिलं, पत्रे चढले. निघायच्या सकाळी अर्चना शेवटचा धडा वाचायला गेली. मी होतेच, आणि काय मनात आलं कोण जाणे, पारूबाईही आल्या. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. शेवटच्या ओळीवर अर्चना मध्येच थांबली. "आमचं घर..." एवढंच ती म्हणाली.

आणि खालून, दगडांच्या बाजूनं, बारीक आवाजात, अक्षर अक्षर लावत आलं, "...लय छान हाय."

पुस्तकात 'खूप छान आहे' होतं. मी ते डोळ्यांनी बघत होते.

अर्चनाचे ओठ मिटलेले होते. पारूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. बराच वेळ त्या खाली बघत राहिल्या. मग त्यांनी लेकीच्या हातातलं पुस्तक काढून मिटलं.

"झालं तिचं," त्या म्हणाल्या. "आता तू जा."

अर्चना वसतिगृहात रुळली. त्या आवाजाला वारा म्हणावं, असं मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. परवा पारूबाईंचा फोन आला. लेकीची चौकशी झाली, आणि मग त्यांनी विचारलं, दुसरीचं पुस्तक मिळेल का.

मी ते पाठवून दिलं.