टकळीची रुंद चकती

१९५७च्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीने वर्ध्याला, शिक्षिकांच्या वर्गात प्रवेशासाठी, सूतकताईची परीक्षा दिली. टकळी आपापली आणायची होती आणि ठरलेल्या वेळात धागा तुटू द्यायचा नव्हता. प्रवेश मिळाला नाही तर लग्न उरकायचे, असे घरात ठरले होते.

आमच्या गावी, आंजीत, आम्ही टकळी घरीच करत असू. बांबूची काडी आणि तिच्या खालच्या टोकाला चकती म्हणून जुना भोकाचा पैसा. बहिणीची टकळी बोटांनी पीळ दिला की थोडी फिरे, थांबे आणि मग आपोआप उलटी फिरू लागे.

"आता इले कोण फिरवून राह्यलं?" तिने विचारले.

"भूत," मी म्हणाले.

तिने धागा चिमटीत धरून पाहिला. पीळ सुटत होता. "भूत नाई. धागाच. आपण देल्ला पीळ वापस करून राह्यला."

म्हणजे टकळी अधिक वेळ फिरायला हवी होती. गावाचा उपाय ठरलेला होता. आणखी एक पैसा चढवायचा. तिने चढवला. टकळी जास्त वेळ फिरली, पण भाराने बारीक धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला.

भाकर थापता थापता आई म्हणाली, "दोन दोन पैशे टांगले, अन् सूत हातभर नाई. मोठी सावकारीण झाली माय."

बहीण अंगणात जाऊन उभ्या बैलगाडीचे चाक पाहत बसली.

"चाकाले लोखंडी धाव कुठं बसवतेत?" तिने मला विचारले.

"काठाले."

"मंग आपण सारं वजन मधातच काऊन ठेवतो?"

तिने रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा पैशापेक्षा रुंद, गोल कापला. मधोमध दोरा बांधून टांगलेल्या एका काडीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला एक पैसा अडकवून, दोन्ही सारखे भरेपर्यंत कड कातरली. मधोमध भोक पाडून चकती टकळीला बसवली. भार एका पैशाचाच होता, पण आता तो काठाकडे पसरला होता. टकळी दोन पैशांच्या टकळीपेक्षाही जास्त वेळ फिरली. धागा टिकला.

परीक्षेत शेजारच्या मुलीने त्या चकतीकडे पाहून विचारले, "डब्याचं झाकण आणलं का वं?" बहीण सूत काढत राहिली.

धागा तुटला नाही. पाऊस सुरू झाल्यावर ती शिकायला वर्ध्याला राहायला गेली. टकळी तिने सोबत नेली. भोकाचे दोन्ही पैसे घरीच राहिले.