माळढोकाचं अंडं आणि चुन्याचे दगड

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्यांच्या भिंतीला लागेल, अशा बोळात वाढलेली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मला मोहोळ तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत नेमणूक मिळाली. पहिल्याच दिवशी शाळेमागचा माळ बघून मी मोठ्यानं म्हटलं, "अगं बाई! इथं तर काहीच नाही!"

ते ऐकलं एका धनगरानं. तो तिथंच मेंढरं चारत होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, पुढं मीही म्हणू लागले. त्या दिवशी तो हसला. "काय बी न्हाय व्हय? बसा की जरा हितं."

बसले. तासाभरात त्यानं मला तुरूतुरू पळणारी धाविक पाखरांची जोडी दाखवली, उडता उडता गाणारा चंडोल दाखवला, बिळाबाहेर एकमेकांचे कान चावणारी खोकडाची दोन पिल्लं दाखवली. हे सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

शाळेत एक कोरा हजेरीपट उरला होता, तो मी घेतला. मुलांच्या नावांच्या रकान्यात पाखरांची नावं लिहिली. दिसलं तर 'ह', नाही दिसलं तर 'ग'. मुख्याध्यापकांनी एकदा तो उघडला आणि चष्मा वर केला. "बाई, सरकारी हजेरीपटात टिटवी?"

"हो. आणि तुमच्या तिसरीच्या वर्गापेक्षा ती नियमित येते," मी म्हटलं. माझं तोंड हे असंच. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

मामाला अक्षरओळख नव्हती, पण हजेरी खरी त्याचीच. सकाळी मेंढरं घेऊन जाताना कोण आलं, कोण गेलं, ते सांगायचा आणि मी लिहायची. लांडग्याची गुहा मात्र त्यानं लिहू दिली नाही. त्याची दोन कोकरं त्याच लांडग्यानं नेली होती. "नेली तर नेली. त्याला बी पोट हाय. पर लिवू नगा बाई, लोकं इख घालत्यात."

माळढोकावर मामाचा जीव होता. कमरेएवढं उंच, ऐटीत चालणारं ते पाखरू. पूर्वी थव्यानं दिसायचं, आता बोटावर मोजण्याइतकं उरलंय, असं तो सांगायचा.

श्रावणात एका दुपारी तो मधल्या सुट्टीत आला आणि मला माळाच्या उतारावर घेऊन गेला. मादी चरायला लांब गेली होती. घरटं नाही, काडी नाही. उघड्या जमिनीवर मातीच्याच रंगाचं एक अंडं. "वर्साला येकच घालती," तो हळूच म्हणाला. "बघा, आन् इसरून जावा." मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही.

पण त्याच आठवड्यात माळावर झाडं लावायचं सरकारी काम निघालं. मजूर गावाच्या बाजूनं ओळीनं खड्डे घेत उताराकडे सरकू लागले. मामा नेमका लेकीकडे नातेपुत्याला गेलेला. मी तडक मुकादमाला गाठलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "न्हाय खणत बाई. पर अंडं कुटं हाय, ते आमाला कसं कळावं? कायतरी खूण करा की."

आता मास्तरणीला खूण म्हणजे काय सुचणार? झेंडावंदनासाठी शाळेच्या पटांगणाला आम्ही चुन्यानं रंगवलेले दगड लावत असू. चुन्याची बादली अजून कोपऱ्यात होती. मी आठ दगड रंगवले आणि मादी दूर गेलेली बघून अंड्याभोवती गोल मांडले. गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, मी सांगितलं, तर तिनं घरून हळदकुंकू आणून एका दगडाला लावलं. "जीव हाय म्हंजी देवच की," ती म्हणाली. मला अगदी भरून आलं. त्या रात्री मी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी मामा थेट वर्गाच्या दारात. "बाई, दगड कुनी ठिवलं?"

"मी," मी ताठ मानेनं सांगितलं.

तो वळला. मी वर्ग सोडून त्याच्या मागे पळाले. उताराच्या वरच्या अंगाला मादी उभी होती, मान उंच करून. चार पावलं पुढं यायची, थांबायची, मागं फिरायची.

"ती मातीवानी, तिचं अंडं मातीवानी," मामा म्हणाला. "कुनाला दिसू न्हाय म्हून. आन् तुमी त्येच्या भवती समदं पांढरंफेक करून ठिवलं."

आम्ही दगड उचलले. मी पदरात घालून लांब नेऊन टाकले, सांडलेल्या चुन्यावर हातानं माती ओढली. मग दोघंही गवतात पालथी पडून राहिलो, दिवस मावळेपर्यंत. ती एकदा दहा पावलांवर आली. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता सांगत नाही. ती परत फिरली. तिसऱ्या दिवशी तिथं फुटकं कवच होतं. घोरपडीचं काम असावं.

करायला गेले गणपती आणि झालं माकड. मला वाटलं, हा माणूस आता मला माळावर पाऊल टाकू देणार नाही.

त्या संध्याकाळी हजेरीपट घेऊन शाळेच्या पायरीवर बसले होते. मामा आला. "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं : 'बाईंनी चुन्याचे दगड लावल्यामुळे माळढोकानं अंडं सोडलं.'

"माजं बी लिवा."

"तुमचं काय मामा? तुमचा काय दोष?"

"म्या दावलं. दावायचं नव्हतं." मी नाही नाही म्हणत राहिले तसा तो चिडला. "लिवा म्हंतो न्हवं!" मी लिहिलं. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आता बराबर झालं." तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर हजेरीपट काखोटीला मारून मी मोहोळच्या कचेरीत गेले. "उतारावर झाडं लावू नका, माळढोकाला उघडा माळच लागतो," म्हणाले. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. झाडं लावा म्हणून लोक अर्ज करतात, आणि ही बाई लावू नका म्हणते! पण त्यांनी पानं उलटली. आमची ती ओळ दोनदा वाचली. उताराचं काम त्यांनी पुढं ढकललं, आणि ते तसंच राहिलं.

पुढच्या श्रावणात मामा म्हणाला, "बाई, हाय."

"कुठं ते सांगू नका."

"न्हायच सांगत."

शाळेची मागची खिडकी मी लावून घेतली. मुलं उकडतंय म्हणून कुरकुरली, तर त्यांना दटावलं. माळावर जाणं बंद केलं. हजेरीपटात मामा सांगेल तेवढंच. ते दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक.

आणि एके दिवशी मुलं तेराचा पाढा म्हणत असताना मामा दारात येऊन उभा राहिला. वाकला, जमिनीपासून वीतभर उंचीवर तळहात आडवा धरला, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्याखालून तुरूतुरू चालवली.

मी फळ्याकडे तोंड केलं. मागून पोरं ओरडत होती, "बाई, तेरा साती किती?" आणि मला काही केल्या आठवेना.