मामांचं पाय उचलणारं मशीन

माझ्या बायकोचे मामा ज्या गोष्टीवर एकदाही संतापले नाहीत, अशी गोष्ट सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून शोधली असती तरी सापडली नसती. मुळात हे दोन जिल्हे आहेत, याचाच त्यांना पहिला संताप. दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली जिल्हा झाला, तेव्हा सरकारनं आपल्याला विचारलं नाही, हा अपमान ते पुढं कित्येक वर्षं उगाळत होते. "सातारी म्हणून पलटणीत गेलो, सातारी म्हणून पेन्शनीत आलो, आन् एक दिस उठून बघतोय तर सांगलीकर! व्हय ओ जावईबापू, माणसाला न इचारता असं कुणी हलवतंय व्हय?" मी साताऱ्याचा. त्यामुळे या कटात माझाही थोडा हात असावा, असा त्यांचा संशय असे.

कृष्णेच्या काठावर त्यांचं घर, आणि ऊस नदीपलीकडे. पायदळात उमेदीची वर्षं घालवून ते गावी परतले होते, आणि गावातलं काहीही त्यांना शिस्तीत दिसत नव्हतं. कोंबडा वेळेआधी आरवला म्हणून त्याच्यासमोर उभं राहून त्याला झापताना मी स्वतः त्यांना ऐकलं आहे. "डूटी म्हंजी डूटी! आदी न्हाई आन् मागनंबी न्हाई!" एकदा आम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो, तर सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत म्हणून ते निम्म्या वाटेत बसले आणि पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी मरून गेलेल्या गवंड्याचा त्यांनी उद्धार सुरू केला. वर पोचल्यावर मात्र देवीपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले, आणि बाहेर आले ते डोळे पुसत. मी बघतोय असं दिसताच उदबत्तीच्या धुरावर चिडले. मामी या सगळ्यात शेंगा फोडत बसलेल्या असत. लग्नानंतर पहिलं वर्षभर आपल्याला भीती वाटायची, मग सवय झाली, आणि आता ते गप्प बसले तर झोप लागत नाही, असं त्या सांगायच्या.

नदी ओलांडायला गावची नाव होती. माणसं भरल्याशिवाय नावाडी ती सोडत नसे, आणि मामांना ते सहन होत नसे. "मी काय शेळी हाय का, कळप भरंस्तवर थांबायला?" अखेर एकदा ते तडकाफडकी पुण्याला गेले आणि लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून नावेला लावायचं एक मशीन घेऊन आले. एक लहानशी लाकडी नाव त्यांनी आधीच करून घेतली होती. मशीन नावेच्या मागच्या फळीवर दोन मोठ्या स्क्रूंनी घट्ट बसवायचं, त्याचा लांब पाय पाण्यात सोडायचा, पायाच्या टोकाला पंखा, आणि डोक्यावरची दोरी ओढली की फटफटीसारखा आवाज. रंग हिरवा, लष्करी. त्या रंगामुळे मामा मशीनला आपल्यासारखाच पेन्शनीत आलेला शिपाई समजत. त्याला पुसत, रात्री पोत्यात गुंडाळून घरात घेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "फौजेतला हाय गडी."

पहिल्याच आठवड्यात या गड्यानं मामांचा घोर अपमान केला. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं होतं. नदीच्या मध्यावर पाण्याखाली कातळ होता आणि पुरात वाहून आलेली बाभळीची खोडं अडकलेली होती. मशीनचा पाय त्यातल्या एका खोडाला लागला आणि अख्खं मशीन मागच्या मागं वर उचललं गेलं. पंखा पाण्याबाहेर येऊन किंचाळत फिरू लागला आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या देखत मामा आपादमस्तक भिजले. नाव खोडावरून पुढं सरकल्यावर मशीन धप्पकन खाली बसलं आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं.

"पळालं!" मामा घरी येऊन गरजले. "दगुड दिसला की पाय वर! ही काय पलटणीची रीत झाली? आमी बर्फात पाय रवून उभं ऱ्हायलो हाय!"

मी समजावून पाहिलं. मशीनला बिजागरी मुद्दाम ठेवलेली असते, पाय आपटला की मशीन वर उचललं जातं, म्हणून पाय मोडत नाही, पंखा मोडत नाही आणि सगळा दणका नावेच्या फळीवर बसत नाही. नाव मागं घेताना मात्र पाय खाली धरून ठेवायला एक लोखंडी आकडा असतो. मामांनी एवढ्यातला आकडाच तेवढा ऐकला. "म्हंजी पाय खाली धराय येतो की!" मामी शेंगांमधून मान वर न करता म्हणाल्या, "आवं, ठेच लागली की आपुनबी पाय उचलतोच की."

"तू उचलतीस. फौजी न्हाई उचलत."

त्यांनी बैलाच्या गळ्यातली साखळी आणली आणि मशीनचा पाय नावेच्या फळीशी करकचून जखडून टाकला. त्यांच्या मते ही शिस्त होती. पुढचे काही दिवस नाव कातळ चुकवत गेली, त्यामुळे साखळी बरोबर ठरली, आणि बिजागरी लावणाऱ्या कारखानदाराला खरमरीत चार शब्द सुनावायचं मामा रोज जाहीर करू लागले.

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर पलीकडच्या काठावर. पाच महिन्यांच्या पोरीला घेऊन तिला पोचवायचं ठरलं तेव्हा मी तिथंच होतो. नावेत लेक, मांडीवर तान्ही पोर, मामी, दुरड्या, मी, आणि मागं मामा. निघताना ते नदीवर चिडलेले होते, कारण पाणी आणखी उतरलं होतं.

मध्यावर आलो आणि दणका बसला. मशीनला वर जायला वाव नव्हता, साखळीनं धरलेलं होतं. सगळा जोर मागच्या फळीवर आला. लाकूड फाटल्याचा आवाज झाला आणि फळी, साखळी, मशीन सगळं एकदम पाण्यात गेलं. तिथून पाणी आत घुसलं. नाव मागच्या बाजूनं खाली बसली, आम्ही सगळे नदीत. मी लेकीचा हात धरला, तिनं नावेची कड धरली. पोर तिच्या हातून सुटली होती.

ती मला दिसली ती थेट मामांच्या हातात, डोक्याच्या वर. ज्या कातळानं नाव फोडली त्याच कातळावर पाय रोवून ते उभे होते, छातीइतक्या पाण्यात, दोन्ही हात ताठ वर करून. पोर टाहो फोडत होती आणि मामा तिच्याइतक्याच मोठ्यानं ओरडत होते: कातळावर, नदीवर, मशीनवर, सांगली जिल्ह्यावर.

मामी एका हातानं त्यांचा सदरा धरून शेजारी उभ्या होत्या. "गप!" त्या म्हणाल्या. त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "कातळाला काय बोलताय? साखळी कुणी बांदली? त्येला पाय उचलू दिला असता तर लेकरू पाण्यात आलं असतं का? सांगा की! कुणी बांदली?"

मामा मान वर करून पोरीकडे बघत राहिले. त्यांचे हात खाली आले नाहीत. काठावरून गावची नाव निघाली होती. आत नावाड्याशिवाय कुणीच नव्हतं. रिकामी नाव त्यानं तशीच वल्हवत आणली. मामांनी आधी पोर त्याच्याकडे दिली, मग लेकीला आणि मामींना वर चढवलं, पाठोपाठ मी चढलो. "बसा, मामा," तो म्हणाला. मामा चढले.

त्यानंतर आठवडाभर ते कशावरच चिडले नाहीत. मामींना खरंच झोप लागेना. मग एके दिवशी त्यांनी नावाड्याच्या मदतीनं मशीन पाण्यातून काढलं, सांगलीला नेऊन दुरुस्त केलं, जाड सागवानी फळी बसवली आणि साखळी बैलाला परत दिली. पुन्हा मशीन खोडाला लागलं की पाय वर, पंख्याची किंचाळी आणि मामा चिंब. पण आता कुणी हसलं तर ते भडकत. "दात काय काढतोस रं? बिजागरी हाय ती! उगंच न्हाई ठिवल्याली! ह्येला बांदून घालणारा मानूस गाढवच म्हनायचा!" मी आणि मामी एकमेकांकडे बघत नसू.

पुढं माझी बदली लांब झाली आणि जाणं कमी झालं. शेवटचा गेलो तेव्हा मामा थकले होते. नदीकाठी वाळूत घोंगडं टाकून बसले होते, आणि ती नात, आता शाळेत जाणारी, कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती. उन्हात बसायचं नाही असं सांगूनही हा माणूस उन्हात का बसतो, डोक्याला टॉवेल का नाही, औषध कवा घेणार, याचा ती खणखणीत आवाजात जाब विचारत होती. मामा खाली मान घालून ऐकत होते. ती टॉवेल आणायला पाय आपटत घराकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिकडं बघत राहिले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"लय चिडती ओ ही. कुणावर गेलीया, कुणाला ठावं."