बागेतल्या हौदाची घागर

माझी नात इथल्या भुताखेताच्या गोष्टी मला वाचून दाखवती. ऐकून मी हसते. बेल्ह्याच्या माळावर एकटीनं तीन पोरं वाढवली, भूत कधी आडवं आलं नाय. पण एक दुपार अशी हाय... ती तिला सांगितली, ती लिहून घेतीय.

जुन्नरला गावाला लागून एक बाग हाय. कुण्या हबशी सरदारानं बादशाहीत लावली म्हनत्यात. डोंगराचं पाणी जमिनीखालनं, खापराच्या नळातनं यायचं आन् दगडी हौदात पडायचं. सरदार गेला, बागंत घरं झाली, पण पाणी येतच राह्यलं. गावात नळाला भांडणं, आन् हितं भर उन्हाळ्यात आंब्याची गार सावली, चाफा, दारोदार मोगरा.

त्या बागंतलं स्थळ पयलं मला आलं व्हतं. पावणं आलं तवा मी शेतात. पाण्याचा तांब्या धाकट्या बहिणीनं, शेवंतानं दिला... तीच पसंत पडली. मला बेल्ह्याला दिली. अर्ध्या कोसावरनं डोक्यावर पाणी. शेवंता माहेरी यायची ती ढीगभर मोगरा माळून. त्या वासानं मला जेवण जायचं नाय. खोटं कशाला सांगू, जळायची मी.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असंल. मे महिन्यात तिच्याकडं गेले. तिनं आपला गजरा तोडून अर्धा माझ्या केसात घातला. त्या आळीत एक रीत व्हती — पावणीनं हौदाचं पाणी प्यावं, भरू नये. भरलं की ती त्या घरची झाली. मला ठावं व्हतं. म्हणूनच भरलं.

जेवणं झाली, शेवंता ओसरीवर कलंडली. मी तिची घागर उचलली, हौदात बुडवली, कमरेवर घेतली. म्हटलं, ही माझी जागा व्हती.

वळले तर तिची सासू दारात. म्हातारीची नजर चांगली, सुईत दोरा ववायची. सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हनली, "शेवंते, गजरा काढ. तो बहिणीला दाखवायपुरता दिला व्हता."

मला वाटलं, चेष्टा करती. तेवढ्यात शेवंताचा नवरा आला. माझ्यापुढं पाय केलं आन् म्हनला, "वत पाणी. का आजबी हात धरून शिकवू?"

त्यानं नुसतं म्हटलं, तर माझं मनगाट दुखाया लागलं. जुनं दुखणं असतं तसं. मला कधी काय झालेलं नाय तिथं.

मी ओसरीकडं बोट केलं. म्हातारी हळू आवाजात म्हनली, "हौसाला उठवू नको. थकून आलीया बेल्ह्यावरनं."

हौसा मी, राव. आन् झोपली व्हती शेवंता... तोंड जरा उघडं, लहानपणी झोपायची तशी.

मी तशीच मागं फिरले, घागर हौदात उपडी केली. वळून बघते तर म्हातारी गोड हसत व्हती. "हौसाबाई, तुमी कशाला घागर घेतली? शेवंते, ऊठ गं. पावणीला कामाला लावतीस व्हय?"

शेवंता दचकून उठली. पदर सावरत मला म्हनली, "आक्का, सपान पडलं. तुझ्या बेल्ह्याच्या घरात व्हते. दार लावून बसले व्हते, कुणी हाक मारत नव्हतं." हसली, आन् केसातला गजरा काढून खुंटीला अडकवला. मी तिच्या मनगटाकडं बघितलं नाय.

दुसऱ्या दिशी मी एसटीनं परत आले. चार दिस माझ्याकडं ये, एवढंबी शेवंताला म्हटलं नाय. निघताना आंब्याची सावली बघितली आन् परत जळले.

पुढं चार-पाच वर्षांनी ती गेली. ताप आला म्हनले. पुढं नळ फुटलं, हौद कोरडा पडला.

कुणी म्हनतं ऊन लागलं असंल. असंलबी. त्या दोघांना काय दिसलं, मनगाट का दुखलं, मला आजवर उमगलं नाय. पण घागर का वतली ते ठावं हाय. माझं मला परत पायजे व्हतं. कमरेवर जराशी आजून धरली असती... तर शेवंता आजून थोडी झोपली असती.